उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारहोमचा अंतर्भाग कसा जपावा? (मिरज परिसर)

पूर्वभाग मिरज यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या कुटुंबाकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेले एक मोटारहोम आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ते बऱ्यापैकी फिरते. त्यानंतर मुलांच्या परीक्षा, लग्नसराई आणि पुढे पाऊस यांमुळे गाडी अनेक महिने मिरज-पंढरपूर रस्त्यालगतच्या आमच्या शेतात उभी असते. जागा मोकळी आहे. विहिरीवरच्या मोटारीसाठी घेतलेली विजेची जोडणी जवळ आहे, पण छप्पर नाही आणि यंदा पक्के शेड बांधणे आम्हाला परवडणारे नाही.

गेल्या उन्हाळ्याचे परिणाम आता ठळकपणे दिसू लागले आहेत. बैठकीचे रेक्झिन ताठ होऊन शिवणीजवळ चिरू लागले आहे, पश्चिमेकडच्या बाजूच्या वरच्या कपाटांची सनमायका कडेने उचलली गेली आहे, पडद्यांचा रंग काचेसमोरच्या भागात पट्ट्यापट्ट्यांनी उडाला आहे आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट, धुरकट थर बसतो, जो पुसला तरी काही दिवसांत पुन्हा येतो. एप्रिलमधील दुपारी आत ठेवलेला तापमापक पन्नास अंशांच्या वर जातो.

बाजारात आतून लावण्याचे चंदेरी पडदे, संपूर्ण गाडीवर घालण्याचे आच्छादन, काचेवरची फिल्म असे बरेच काही मिळते. यांतील कशाचा खरोखर उपयोग होतो आणि मर्यादित खर्चात कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. गाडीच्या टपावर एक सौर पॅनेल आहे आणि आतील बॅटरी लेड-ॲसिड प्रकारची आहे, हेही नमूद करतो.

बॉडीबिल्डर कराड यांचे उत्तर

नमस्कार. बस आणि रुग्णवाहिकांच्या बॉडी बांधण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण विचारलेल्या वस्तूंची निवड करण्याआधी उष्णता आत शिरते कशी, हे ध्यानात घेतले, तर खर्च कुठे करायचा आणि कुठे टाळायचा हे आपोआप ठरते.

सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, सुमारे पाच टक्के अतिनील किरणांचा आणि उरलेला दृश्य प्रकाशाचा. साधी काच दृश्य प्रकाश आणि जवळचे अवरक्त किरण आत येऊ देते; ते बैठकीवर, डॅशबोर्डवर, जमिनीवर पडून शोषले जातात आणि त्या तापलेल्या वस्तू जे दीर्घ लांबीचे अवरक्त किरण बाहेर टाकतात, त्यांना मात्र तीच काच अडवते. म्हणजे काचेतून एकदा आत शिरलेली उष्णता सहजासहजी परत जात नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बंद मोटारीच्या आतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. त्यामुळे ‘खिडकीला बोटभर फट ठेवली की झाले’ या समजुतीवर आपण विसंबू नये.

यावरून क्रम ठरतो तो असा की ऊन काचेला आणि पत्र्याला लागण्यापूर्वीच बाहेर अडवावे, जे तरीही आत येईल ते वरच्या वाटेने बाहेर जाऊ द्यावे, आणि आतील पडदे-चादरी हा शेवटचा उपाय समजावा. दुकानात नेमके याच्या उलट सुचवले जाते, कारण आतून लावायच्या वस्तू विकायला सोप्या असतात. चंदेरी पडदा आतून लावल्यास तो काही ऊन काचेतून परत पाठवतो हे खरे, परंतु पडदा आणि काच जेवढी उष्णता शोषतात, ती गाडीच्या आतच राहते. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल, तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते.

समोरच्या मोठ्या काचेसाठी पांढऱ्या जाड कॅनव्हासचे, दोन्ही बाजूंना एकेक पाळी सोडून शिवलेले आवरण करून घ्यावे. त्या पाळ्या केबिनच्या दोन्ही दारांत अडकवून दारे बंद केली, की वाऱ्याने ते उडत नाही आणि सहज कोणी ओढूनही नेत नाही. बाजूच्या खिडक्यांना पत्र्यावर चिकटणारे चुंबक लावून तसेच तुकडे बसवता येतात. मात्र चुंबकाखाली धूळ अडकली की रंगावर ओरखडे येतात, म्हणून चुंबक कापडात शिवून घ्यावेत आणि मधूनमधून उचलून जागा पुसावी.

पडद्यांचे पट्टे बाजूच्या खिडक्यांसमोर उमटतात, याचेही कारण आहे. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर घालून केलेली असते आणि तो थर बहुतेक सर्व अतिनील किरण अडवतो. बाजूच्या काचा साध्या टफन्ड असतात; त्या अतिनील किरणांचा बराचसा भाग आत सोडतात. डॅशबोर्डची हानी मुख्यतः उष्णतेने होते, तर पडद्यांच्या रंगाची हानी बाजूने येणाऱ्या अतिनील किरणांमुळे आणि प्रकाशामुळे होते, असे ढोबळमानाने समजावे.

फिल्मविषयी एवढेच सांगतो की सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर फिल्म चिकटवण्याला मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार जायला हवा. पुढे या नियमात दुरुस्ती झाली असली, तरी जी गाडी वर्षाचा मोठा भाग उभीच राहणार आहे, तिच्यासाठी काढता-घालता येणारे बाहेरचे आवरण अधिक उपयोगी आहे आणि त्याला कोणाची हरकत येण्याचा प्रश्नच नाही.

आता टपाकडे वळू, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त मार तिथे बसतो. सांगली-मिरजेत ७ मेच्या आसपास आणि साताऱ्यात १० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. अशा वेळी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊर्जा पडते. आपल्या गाडीचा टप बारा चौरस मीटरच्या आसपास असेल, असे धरले, तर एकाच वेळी बारा विजेच्या इस्त्र्या वरून लावल्यासारखे होते. टप स्वच्छ पांढरा असेल, तर त्यातला मोठा भाग परत जातो. धूळ बसून तो करडा झाला की हा फायदा झपाट्याने घटतो. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी टप धुऊन घेणे ही वरवरची सफाई नाही, तो संरक्षणाचाच भाग आहे.

गाडी कोणत्या दिशेला तोंड करून उभी करावी, यावर मतभेद होतात. माझे मत असे आहे की गाडीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि समोरची काच पूर्वेकडे असावी. मार्च ते मे या काळात दुपारचा सूर्य उंच असल्यामुळे उत्तर-दक्षिण तोंड करणाऱ्या लांब बाजूंवर कमी ऊन पडते. सकाळी समोरच्या काचेवर ऊन येते खरे, पण तेव्हा हवा थंड असते आणि काच झाकलेली असते. दुपारी तीन ते पाचचे तिरपे, सर्वांत जाचक ऊन मग फक्त मागच्या अरुंद बाजूवर पडते. आपल्या वरच्या कपाटांची सनमायका पश्चिमेकडूनच उचलली गेली आहे, यावरून गाडीची लांब बाजू सध्या पश्चिमेला असावी, असा माझा अंदाज आहे.

द्राक्षबाग तासगाव यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. सावली बाहेरच हवी, आणि ती स्वस्तात कशी करावी हे आमच्या तालुक्यात वेगळे शिकावे लागत नाही. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागात बेदाण्याची शेडे सर्वत्र आहेत. या शेडांत द्राक्षे थेट उन्हात सुकवत नाहीत. वर आच्छादन, बाजूंनी जाळी आणि आरपार वारा अशी त्यांची रचना असते, कारण थेट ऊन लागले तर बेदाण्याचा रंग काळपटतो. रंग टिकवायचा असेल, तर ऊन अडवावे आणि वारा अडवू नये, हाच नियम आपल्या गाडीलाही जसाच्या तसा लागू होतो.

गाडीभोवती लोखंडी पाईपचा किंवा चांगल्या जाड बांबूंचा सांगाडा उभा करावा आणि त्यावर ७५ टक्क्यांचे शेडनेट ताणावे. ७५ टक्के म्हणजे ते नेट पडणाऱ्या प्रकाशापैकी पाऊण भाग अडवते. अतिनील किरणांना टिकणारे, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड नेटच मागून घ्यावे. साधे नेट एकदोन उन्हाळ्यांत कुसकरते आणि त्याचे हिरवे तुकडे सगळीकडे पसरतात. काळे नेट जास्त टिकते, कारण त्यातील कार्बनच प्लॅस्टिकचे उन्हापासून रक्षण करतो, पण ते स्वतः जास्त तापते. पांढरे नेट कमी तापते, मात्र ते लवकर मळते. मला विचाराल, तर वरच्या थरासाठी पांढरे आणि पश्चिमेच्या उभ्या पडद्यासाठी हिरवे घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेट आणि गाडीचा टप यांत किमान दोन ते तीन फूट अंतर हवे. नेट स्वतः तापते आणि ती उष्णता वाऱ्याने वाहून नेली पाहिजे. नेट टपाला टेकले, तर ती उष्णता पत्र्यात उतरते आणि शिवाय वाऱ्याने घासून रंगही जातो. शक्य असल्यास फूटभर अंतर ठेवून नेटचे दोन थर करावेत. एकच जाड थर घालण्यापेक्षा त्याचा गुण अधिक येतो, कारण वरच्या थराने शोषलेली उष्णता मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते.

पश्चिमेच्या बाजूला नेट जमिनीपासून हातभर वर राहील इतके खाली सोडावे. पूर्वेला अर्धे पुरे. उत्तर आणि दक्षिण बाजू उघड्याच ठेवाव्यात.

वळवाच्या पावसाची काळजी आधीच घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अचानक वावटळ उठते, सोबत कधी गारा येतात, आणि ताडपत्री ताणलेली असेल तर वारा तिच्यात भरून संपूर्ण सांगाडाच उचलतो. नेटमधून वारा आणि पाणी दोन्ही पार जात असल्याने त्याला तसा धोका कमी असतो, तरीही खांब किमान दोन फूट खोल पुरून मुरूम ठोकून घ्यावेत. नेटच्या तीन बाजू पक्क्या बांधाव्यात आणि चौथ्या बाजूला साधी सुतळी वापरावी, म्हणजे वादळात ती सुतळी तुटते, नेट फडफडते, पण खांब आडवे होऊन गाडीवर पडत नाहीत.

आपल्याकडे जुने फ्लेक्स सहज मिळतात आणि बरेच जण तेच थेट गाडीवर अंथरतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची सूचना आहे. उन्हात फ्लेक्सचे प्लॅस्टिक मऊ होते आणि गाडीच्या रंगाला चिकटते. त्याखाली वाफ कोंडते ती वेगळीच. फ्लेक्स वापरायचाच असेल, तर तो सांगाड्यावर उतार देऊन, पांढरी बाजू वर करून आणि गाडीपासून दूर बांधावा.

सह्याद्री सातारा यांचे उत्तर

बाहेरच्या बाजूविषयी वरील दोघांनी उत्तम लिहिले आहे. मी आतील सामानापुरते लिहितो. माझी गाडी कोरेगाव रस्त्यावर उभी असते आणि तिच्या आतील लाकूडकाम मी स्वतः करून घेतले आहे.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेले पीव्हीसी. ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचे तेलासारखे द्रव्य घातलेले असते. गाडी तापली की ते द्रव्य हळूहळू वाफेच्या रूपाने बाहेर पडते. रेक्झिन ताठ होत जाते आणि तीच वाफ रात्री थंड झालेल्या काचेवर बसून तेलकट थर तयार करते. आपण सांगितलेली बैठकीची तक्रार आणि काचेची तक्रार या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत. काच पुसून थर जाईल, पण रेक्झिनमधून गेलेले तेल परत येणार नाही. वरून चकाकी आणणारे सिलिकॉनचे पॉलिश लावल्याने काही दिवस ते बरे दिसते, एवढेच. चिरा पडू लागलेला भाग बदलावाच लागेल, आणि बदलताना रेक्झिनऐवजी जाड विणीचे कापड, त्यातही काढून धुता येईल अशी खोळ केल्यास पुढील बराच त्रास वाचतो.

सनमायका उचलली जाण्यामागे गोंद आहे. सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद घरात वर्षानुवर्षे टिकतो, पण तापलेल्या पत्र्याला लागून असलेल्या फळीत तो मऊ पडतो. त्यातच सनमायका आणि प्लायवूड उष्णतेने व कोरडेपणाने सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे सगळा ताण कडेवर येतो. पुन्हा चिकटवताना उष्णता सहन करणारा गोंद मागून घ्यावा, कडांना नुसती चिकटपट्टी न लावता ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवावी, आणि फळी व गाडीचा पत्रा यांमध्ये फोमचा एक थर घालावा. हे काम उन्हाळ्यापूर्वी, थंड हवेतच करून घ्यावे.

गाद्या, उशा आणि पडदे शक्य असल्यास घरी नेऊन ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी काहीच खर्च येत नाही. तरीही तो क्वचितच कोणी करते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. जे काढता येत नाही, त्यावर फिक्या रंगाच्या जुन्या सुती चादरी टाकाव्यात. प्लॅस्टिकच्या कागदात काहीही गुंडाळू नये. जून उजाडताच त्यात बुरशी धरते.

काही गोष्टी मात्र गाडीत अजिबात ठेवू नयेत. गॅसचा सिलिंडर, मग तो पाच किलोचा का असेना, उभ्या गाडीत बंद करून ठेवणे धोक्याचे आहे. डासांचे व सुगंधाचे फवारे यांच्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये, अशी सूचना छापलेली असते आणि आपल्या तापमापकाने तो आकडा ओलांडलेला आहेच. पॉवर बँक, लायटर, सॅनिटायझर आणि औषधेही काढून घ्यावीत. औषधे बाहेरून जशीच्या तशी दिसतात, पण उष्णतेने त्यांचा गुण कमी होतो, आणि प्रवासात ज्या वेळी ती लागतात, त्या वेळी दुसरी मिळतीलच असे नसते.

फ्रिज पुसून, कोरडा करून त्याचे दार किंचित उघडे राहील असा लाकडी तुकडा अडकवावा. खिडक्यांना गुंडाळीचे ब्लाइंड असतील, तर ते महिनोन्‌महिने ओढून ठेवू नयेत. त्यांची स्प्रिंग ढिली पडते. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील, तर गडद ब्लाइंड आणि खिडकी यांच्यामध्ये उष्णता कोंडून ॲक्रिलिक वाकते किंवा त्यात बारीक तडे जातात. आतून काही लावायचेच असेल, तर चकाकणारी बाजू काचेकडे करून आणि दोन बोटे अंतर सोडून लावावे.

दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस किंवा नुसती शंखजिऱ्याची पूड लावली, तर ती दाराला चिकटत नाहीत. डांबराच्या गोळ्या बरेच जण किड्यांसाठी ठेवतात. बंद, तापलेल्या जागेत त्यांची वाफ दाट होते आणि काही प्रकारचे प्लॅस्टिक त्याने मऊ पडते, शिवाय तो वास कापडातून लवकर जात नाही.

वाईकर यांचे उत्तर

पक्के शेड परवडत नाही, याचे फार वाईट वाटून घेऊ नये, एवढेच सुचवतो. तीन बाजूंनी बंद, खाली टेकलेल्या पत्र्याचे शेड म्हणजे गाडीसाठी दुसरी भट्टीच ठरते. गंजलेला पत्रा दुपारी हाताला चटका बसेल इतका तापतो आणि खाली उभ्या असलेल्या गाडीवर उष्णता फेकत राहतो. पुढे कधी शेड केले, तर ते उंच असावे, बाजू उघड्या असाव्यात, पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग किंवा निदान चुना द्यावा, आणि पत्र्याखाली थोडे अंतर सोडून बबल शीट ताणावी. तिची चकाकणारी बाजू खाली करावी, म्हणजे तिच्यावर धूळ बसत नाही.

झाडाखाली उभी करण्याविषयी कोणी सुचवण्याआधीच सांगतो की मोहोराच्या दिवसांत आंब्यावरील तुडतुड्यांचा चिकटा गाडीवर सांडतो आणि उन्हात तो वाळून रंगात बसतो. कडुनिंब त्या मानाने बरा. वळवात फांद्या मोडतात, हे मात्र सगळ्याच झाडांना लागू आहे.

पूर्वभाग मिरज (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गाडीची लांब बाजू पश्चिमेलाच आहे. कराडच्या साहेबांचा अंदाज अचूक निघाला. दिशा बदलणे आणि शेडनेटचा सांगाडा उभा करणे, या दोन गोष्टी मी फेब्रुवारीअखेर करून घेणार आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. नेटखाली गाडी गेली की टपावरच्या सौर पॅनेलला ऊन मिळणार नाही, मग बॅटरीचे काय करावे? आणि हवा खेळती ठेवण्यासाठी टपावरची झडप उघडी ठेवावी म्हटले, तर पाऊस, पाली, गांधीलमाश्या आणि उंदीर यांचा बंदोबस्त कसा करावा? शेजारच्या शेतात ऊस आहे, हेही सांगायला हवे. तोडणी बहुधा मार्चमध्ये होईल.

बॉडीबिल्डर कराड

पॅनेल सावलीत गेले तरी चालेल. आपल्याकडे वीज आहे, त्यामुळे लेड-ॲसिड बॅटरी काढून घरी किंवा विहिरीच्या खोलीत सावलीत ठेवावी आणि आपोआप कमी-जास्त होणाऱ्या छोट्या चार्जरला जोडावी. या बॅटरीचे स्वतःहून उतरणे तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. व्होल्टेज १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये. पाण्याची पातळीही महिन्यातून एकदा पाहावी, आणि भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरचीच. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत, तर नियम बरोबर उलटा होतो. ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी लागते. बॅटरी गाडीतच ठेवायची असेल, तर निदान मुख्य स्विचने सर्व जोडण्या तोडाव्यात, कारण घड्याळ, गॅस-सूचक, संगीत-संच असे लहानसहान भार तिला शांतपणे रिकामी करत राहतात.

झडपेवर पावसाचे झाकण, म्हणजे वरून टोपी आणि बाजूंनी फटी असलेले कव्हर बसवून मिळते. हवा बाहेर जायला टपावरची वाट असली, तरी आत यायला खालची वाटही हवी, अन्यथा झडप नुसती उघडी राहते आणि हवा हलत नाही. ही खालची वाट गाडीच्या सावलीच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, जमिनीलगत असावी. दोन्ही ठिकाणी बारीक स्टीलची जाळी बसवावी. नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतात. बारा व्होल्टचा छोटा पंखा टपावरच्या वाटेत बसवून तो एका स्वतंत्र लहान सौर पॅनेलला थेट जोडला आणि ते पॅनेल नेटच्या बाहेर खांबावर लावले, तर ऊन असेल तेव्हाच पंखा फिरतो आणि बॅटरीचा संबंध येत नाही. हवा खेळती ठेवून आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा खाली जाणार नाही, हे मात्र गृहीत धरावे. बाहेर चाळीस असेल, तर सावली आणि वारा मिळून आत चाळीसच्या थोडेसे वर राहील, आणि लाकूड, गोंद व रेक्झिन यांना तेवढे पुरते.

किती फरक पडला हे पाहायचे असेल, तर कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा डिजिटल तापमापक आत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी ठेवावा. इन्फ्रारेडची बंदूक वापरणार असाल, तर ती चकाकत्या फॉइलवर रोखू नये. तिथे ती हमखास चुकीचा, कमी आकडा दाखवते. फॉइलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे.

द्राक्षबाग तासगाव

उसाचा उल्लेख केलात ते फार बरे झाले. तोडणीनंतर शेतात पाचट पेटवण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे, आणि शेडनेट प्लॅस्टिकचे असल्याने एका ठिणगीनेही ते पेट घेऊन वितळत खाली टपकते. शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवावे. पाचट कुजवायचे ठरले तर उत्तमच, त्यांच्या जमिनीलाही ते चांगले. पेटवायचेच असेल, तर आदल्या दिवशी त्यांनी आपल्याला कळवावे आणि त्या दिवशी आपण नेट सोडून गाडी हलवावी. गाडीभोवती सर्व बाजूंनी वीसेक फूट पट्टा गवत काढून, नांगरून किंवा मुरूम टाकून मोकळा ठेवावा. छपरावर उसाचा पाला टाकण्याची पद्धत गोठ्यासाठी ठीक आहे; डिझेलच्या गाडीवर ती कोणी सुचवली, तरी स्वीकारू नये.

मुरूम टाकताना चाकांखाली जरा जाड थर द्यावा. आपली पूर्व भागातली जमीन काळी असेल, तर पहिल्याच मोठ्या वळवानंतर गाडी एका बाजूने खचते, दारांच्या चौकटी वाकड्या होतात आणि झडप नीट बंद होत नाही. टायरवर थेट ऊन लागू नये म्हणून त्यांच्यासमोर प्लायवूडचे तुकडे टेकवून ठेवावेत, आणि हवा कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादेपर्यंत भरून घ्यावी.

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की वरचे नेट उतरवून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवावे. पावसाळ्यात त्याचा उपयोग नसतो, आणि भिजलेले नेट वजनाने झोळ धरून टपाला टेकते. पश्चिमेचा उभा पडदा मात्र तसाच राहू द्यावा, म्हणजे पावसाची झड त्या बाजूच्या खिडक्यांच्या रबरांवर थेट येत नाही.